संख्यांची चाळणी

घनसाळ तांदूळ घरी आला की आपण चाळणी काढतो. कणी खाली पडते, अख्खा दाणा वर राहतो. संख्यांनाही अशी चाळणी लावता येते. २ पासून ३० पर्यंत आकडे लिहा. २ ठेवा, त्याच्या पाढ्यातले पुढचे आकडे खोडा. मग ३ आणि ५ चंही तसंच करा. उरतात २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९. या मूळ संख्या. ही चाळणी दोन हजार वर्षांहून जुनी, ग्रीक गणिती एराटोस्थेनिसच्या नावाची. आकडे मोठे होत गेले की चाळणीत किती उरतं, हे सांगणं फार अवघड. अशा प्रश्नांत रमलेल्या डॉ. मंगला नारळीकरांची आज ओळख करून घेऊ.

मंगलाताई माहेरच्या राजवाडे. जन्म १७ मे १९४३, मुंबई. १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणितात एम.ए.ला त्या पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक मिळवलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कामही सुरू झालं. १९६६ साली लग्न झालं, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांशी. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापूरचा. मंगलाताई केंब्रिजला गेल्या, तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना गणित शिकवलं. स्वतःचं संशोधन मात्र मागे पडलं.

१९७२ मध्ये कुटुंब मुंबईला परतलं. १९७४ पासून मंगलाताई पुन्हा त्याच संस्थेत जाऊ लागल्या. घर आणि मुली सांभाळत १९८१ साली संख्या सिद्धांतात पीएच.डी. झाल्या, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. त्यांच्या एका शोधनिबंधाचा विषयच चाळलेल्या संख्यांचा आहे! पुढे मुंबई आणि पुणे विद्यापीठांत त्यांनी शिकवलं, तेही सलग नव्हे, मधून मधून.

एवढ्या अवघड गणितातल्या या बाई लहान मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहीत होत्या. बालभारतीच्या गणित समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'बावीस'च्या जोडीला 'वीस दोन' आलं आणि केवढा गदारोळ झाला! टिंगलही झाली. त्यांचं म्हणणं साधं होतं: पोर आधी २ लिहितं आणि उच्चारतं 'बा', तिथेच गोंधळतं. आपल्याकडून संकेश्वरच्या बाजारात गेलेल्या बायकांना विचारा, कानडीत बावीसला 'इप्पत्तेरडु' म्हणतात. म्हणजे वीस-दोनच!

१७ जुलै २०२३ ला मंगलाताई गेल्या. लग्न ते पीएच.डी., मध्ये पंधरा वर्षं. नोकरीच्या अर्जावर त्यातला कितीतरी काळ कोराच दिसला असता. तुमच्या माळ्यावर लग्नाआधीच्या वह्या असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा हं.