मूर्खलक्षणातली ती ओवी

आपलं कौतुक आपण करू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून मनात मुरवलं जातं आणि आधार दिला जातो दासबोधाचा. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात, मूर्खलक्षणात, समर्थांनी स्वतःची स्तुती करणाऱ्याला मूर्ख म्हटलं आहे, हे खरंच. पण त्याच ओवीत वाडवडिलांची कीर्ती सांगणाराही मूर्ख ठरला आहे. तो भाग आपण सोयीनं विसरलो. घराण्याचा मोठेपणा सांगताना कुणाची जीभ अडखळत नाही. स्वतः केलेलं काम सांगताना मात्र घसा कोरडा पडतो.

माझी मावशी अंगणवाडी सेविका होती. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन ती माइकपुढे उभी राहिली, ‘मी काही विशेष केलं नाही’ एवढंच म्हणाली आणि खाली बसली. घरी तिच्या ट्रंकेत वह्या आहेत. टांगत्या काट्याला झोळी लावून, रडणारं मूल त्यात बसवून घेतलेली वजनं त्यात आहेत : ६ किलो २०० ग्रॅम, पुढच्या महिन्यात ६ किलो ५००. हे ३०० ग्रॅम वाढावेत म्हणून त्या घरी किती खेपा घातल्या, ते तिलाच ठाऊक. तिचं ते वाक्य विनयाचं वाटतं, पण ते खरं नाही. स्तुतीत माप फुगवलेलं असतं. इथे ते काट्यावर घेतलेलं आहे. या सेविकांना जे मिळतं त्याला सरकारदरबारी पगारही म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. ज्यांच्या कामाची किंमत आधीच कमी केली जाते, त्यांनी स्वतःही ती उतरवावी, हे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप असा, की स्वतःची पाठ थोपटली की माणूस सैलावतो. जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलटं दिसलं. अवघड चाचणीत अपयश आलेल्यांपैकी ज्यांना स्वतःकडे मायेनं पाहायला सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला. स्वतःकडे असं मायेनं पाहणं म्हणजे आत्मकरुणा; तिची मांडणी करणाऱ्या क्रिस्टिन नेफ तीन गोष्टी सांगतात : स्वतःशी ममत्वानं वागणं, आपल्यासारखेच सगळे धडपडतात ही जाणीव, आणि जे आहे ते जसंच्या तसं पाहणं. आपण विसरतो ती तिसरी. जसंच्या तसं पाहायचं तर चुकांबरोबर ते ३०० ग्रॅमही पाहावे लागतात.

मोजून लिहिलेल्या वह्या ज्या बाईच्या ट्रंकेत आहेत, तिला ती ओवी लागू होत नाही.