गणिताच्या पुस्तकातली चित्रं

मराठी व्यंगचित्रकारांचा खरा अड्डा म्हणजे दिवाळी अंक. १९५२ च्या 'मोहिनी' दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर शि. द. फडणीसांनी शेजारी उभ्या तरुण-तरुणीच्या कपड्यांवर मांजरं आणि उंदीर काढले. शब्द एकही नाही! वृत्तपत्रांत पगारी जागा मोजक्याच, म्हणून बरेचजण दुसरी नोकरी सांभाळून चित्रं काढत. पु. लं.च्या पुस्तकांना चित्रं देणारे वसंत सरवटे पेशाने इंजिनिअर होते. १९६० साली 'मार्मिक' निघालं आणि व्यंगचित्रांना हक्काचं साप्ताहिक मिळालं.

आपल्या घरी दिवाळी अंक कुठले? आपल्यापर्यंत फडणीस पोचले ते बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातून. आपल्यातला एकजण ती चित्रं हुबेहूब उतरवायचा. गणितं मात्र माझी बघून लिहायचा. आठवीत त्याने वर्गाच्या हस्तलिखितासाठी सरांचं चित्र काढलं. नाक जरा लांब, बाकी सगळे सरच. सरांनी विचारलं, "कोणी काढलं?" कोणी बोलेना. मी बोललो.

पान फाडलं गेलं. छड्या त्याने खाल्ल्या. पुन्हा त्याने पेन्सिल धरलेली निदान मी तरी पाहिली नाही. माझं नाव त्याला कळलं होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

मधल्या सुट्टीत मी ते तुकडे गोळा करून कंपासपेटीत ठेवले होते. चार आहेत. नाकाचा तुकडा शाबूत आहे. मेळाव्याला घेऊन येतोय.