नंदादीपाचे जामीनदार

आपल्या देवघरात तेवणाऱ्या नंदादीपाचे नाव आनंदवाचक 'नंद' शब्दावरून पडले असावे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः कन्नड भाषेत 'नंदु' म्हणजे विझणे. जो विझत नाही तो नंदादीप. तमिळ शिलालेखांतही 'नंदाविळक्कु' असा शब्द आढळतो.

दीप अखंड तेवावा अशी इच्छा धरणे सोपे. त्याच्या तुपाची कायमची तजवीज लावणे कठीण. ही तजवीज पूर्वी कशी होई, याचा उत्तम दाखला तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर कोरलेला आहे. चोळ सम्राट पहिला राजराज याने हे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण केले. तेथील लेखांनुसार एका दीपासाठी ९६ मेंढ्या, अथवा ४८ गाई, अथवा १६ म्हशी लावून दिल्या जात. कळप मेंढपाळाच्या स्वाधीन होई आणि त्याने दररोज 'उळक्कु' नामक लहान मापाने एक माप तूप मंदिरात पोहोचवावयाचे असे. चोळ लेखांत या मेंढ्यांना 'न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या' असे विशेषण लावलेले असते. त्यात चमत्कार काही नाही. मेलेल्या वा थकलेल्या मेंढीच्या जागी कळपातीलच तरुण मेंढी मोजावयाची, म्हणजे मूळ संख्या कधी घटत नसे!

याहून लक्षणीय गोष्ट अशी की, मेंढपाळाबरोबर त्याच्या आप्तांनाही या तुपासाठी बांधून घेतलेले असे. एकाच्या हातून सेवा खुंटली तरी त्याचे गणगोत जबाबदार राही. दात्या राजाची कीर्ती सर्वश्रुत आहे; प्रस्तुत लेखकास मात्र या जामीनदारांविषयी अधिक आदर वाटतो. याच मंदिरात १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला. तो पाहावयास जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी क्षणभर या तमिळ ओळींपुढेही उभे राहावे.

अग्निरक्षणाचा भार कुळांनी वाहिल्याचे दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या गुजरातेत आहे. पारशी बांधवांचा 'इराणशाह' हा पवित्र अग्नी संजाण सोडल्यावर बाहरोटच्या गुंफा, वांसदा, नवसारी, सुरत, वलसाड असा फिरत १७४२ मध्ये उदवाड्यास आला. संजाणच्या परंपरेतील नऊ धर्मगुरु-घराण्यांकडे त्याच्या सेवेचा अधिकार आहे. तेथे दिवसाच्या पाचही प्रहरी त्यास काष्ठ अर्पण केले जाते.