म्हापशाचा शुक्रवार

उत्तर गोव्यातील बार्देस तालुक्याचा आठवडी बाजार शुक्रवारी म्हापशात भरतो. 1543 मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलेल्या या तालुक्यातील गावांचा शेतमाल पिढ्यान्‌पिढ्या इथेच विकला जात आला. आजचे नगरपालिका मार्केट पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात उभे राहिले. 1961 मध्ये राजवट बदलली, बाजाराचा वार मात्र तोच राहिला.

या बाजाराचे खरे वैभव गावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालात आहे. मयड्याची केळी, हरमलची मिरची, थेट काणकोणातून येणारी खोल्याची मिरची, उन्हाळ्यात मानकुराद आंबा. मिरची मुळात अमेरिकेची. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आली आणि इथल्या मातीत तिची स्वतंत्र वाणे झाली. एप्रिल-मे महिन्यांत पावसाळ्याच्या बेगमीची, म्हणजे पुरुमेंताची, खरेदी चालते: सुकी मासळी, आमसुले, चिंच, कांद्याच्या माळा. याच सुमारास म्हापशाच्या चर्चचे मिलाग्रीस फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, येते. मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, त्यामुळे फेस्ताला हिंदू भाविकही येतात आणि फेरीत, म्हणजे उत्सवाच्या बाजारात, गर्दी करतात.

सत्तरच्या दशकापासून परदेशी प्रवाशांसाठी याच तालुक्यातील हणजुण्याचा बुधवारचा बाजार गाजला. तो पर्यटकांनी घडवला, म्हापशाचा शेतकऱ्यांनी. गोव्याचे जेवण समजून घ्यायचे तर म्हापशाचाच पाहावा. गावातून टोपली घेऊन आलेल्या बायका भाजीचे वाटे लावून विकतात. प्रवाशांनी सकाळी लवकर जावे आणि खरेदी या बायकांकडूनच करावी.