विदर्भातील शिलावर्तुळे

अंधेरीकर श्रोत्यांना दगडातील इतिहास नवा नाही. महाकालीची लेणी त्यांच्या दारातच आहेत. तेथील गोल गाभाऱ्यातील स्तूपही पुष्कळांनी पाहिला असेल. परंतु ही लेणी कोरली जाण्यापूर्वी काही शतके, याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नागपूरच्या माळरानांवर लोक आपल्या मृतांभोवती धोंड्यांची प्रचंड कडी रचीत होते. त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर जुनापाणी लागते. तेथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत. काळ्या पाषाणाच्या मोठाल्या धोंड्यांचे कडे, आत माती व मुरूम यांची भर, आणि तिच्या पोटात अस्थी, काळी-तांबडी मडकी व लोखंडी हत्यारे. काही धोंड्यांवर लहान वाटोळे खळगे ओळीने कोरलेले दिसतात.

मध्यप्रांताचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांनी येथे खोदकाम करून १८७९ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कापसावरच्या अधिकाऱ्याने थडगी उकरावीत, हा त्या काळच्या साहेबी हौसेचा नमुना खरा. तरी आपण त्यांचे ऋणी आहोत. ते खळगे पाहून त्यांना युरोपातील तशाच खुणा आठवल्या. हे साम्य मात्र जपूनच घ्यावे. आयर्लंडातील न्यूग्रेंजचे पाषाणथडगे इ. स. पू. ३२०० च्या सुमाराचे. ते बांधणाऱ्यांना कोणताच धातू ठाऊक नव्हता. विदर्भातील वर्तुळे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरची, आणि ती रचणारे लोहारकामात मुरलेले. मृतावर मोठा दगड ठेवावा, हे सुचायला एका माणसाने दुसऱ्याकडून शिकावेच लागते असे आम्हांस वाटत नाही.

शास्त्रशुद्ध उत्खनन पुढे झाले. जुनापाणीस १९६१-६२ मध्ये बा. कृ. थापर यांनी, टाकळघाट-खापा येथे १९६८-६९ मध्ये शां. भा. देव यांनी. खाप्याला थडगी आणि जवळच टाकळघाटला वस्ती सापडल्याने मेलेल्यांबरोबर जगणाऱ्यांचाही माग लागला. नंतर नायकुंडला लोखंड गाळण्याची विटांची भट्टी मिळाली; तेव्हा थडग्यांतील कुऱ्हाडी दूरदेशाहून आणलेल्याच असतील ही शंका उरली नाही.

आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो तो माहुरझरीचा घोडा. माणसाच्या शेजारी घोड्याच्या अस्थी, त्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार, लोखंडी लगाम! हाडांवर शस्त्राच्या खुणाही आढळल्या. धनी गेला म्हणून सजविलेला घोडा मारून त्याच्यासोबत पुरला, असेच मानावे लागते. घोडा ही तेव्हा काही स्वस्त वस्तू नव्हती. तो गमावण्याचा निर्णय कुटुंबाने घेतला की जमातीने, कोण जाणे. पण धोंडे ओढून आणणे एका घरचे काम खासच नव्हते.

या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. कोणता धोंडा कोठे, कोणते मडके कोणत्या हाडापाशी, हीच त्यांची लिपी. नांगरासाठी धोंडा बांधावर सारला, खडीसाठी फोडला, की ती पुसली जाते. काही स्थळे पुरातत्त्व खात्याने संरक्षित केली आहेत. शेतांत विखुरलेल्या एकट्यादुकट्या वर्तुळांना शेतकऱ्याच्या मर्जीखेरीज आधार नाही. नागपूरला जाणाऱ्यांनी जुनापाणीसाठी अर्धा दिवस राखावा. मात्र हिवाळ्यात जावे. वैशाखात त्या धोंड्यांना हात लाववत नाही.