खिडकीतून दिसलेले खडक आणि भिंतीवर लिहिलेला चौक



इतिहासावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, इतिहासात माझा अधिकार काय? ते म्हणाले, सर, तुम्ही भीमबेटक्याला जाऊन आलात ना, त्यावर बोला. म्हणजे विषय झाला सहलीचा. पण त्या सहलीत एक वाक्य माझ्या कानावर पडलं आणि ते अजून डोक्यातून जात नाही. आज त्या वाक्याबद्दलच बोलणार आहे. ते बोईसरला बसून बोलणं योग्यही आहे, कारण ते आपल्याच मुलखाबद्दलचं आहे.

आधी सहल सांगतो. आम्ही पालघर-बोईसरकडची दहा-बारा मंडळी होतो. बहुतेक निवृत्त, दोन-तीन तरुण, आणि डहाणू तालुक्यातल्या एक वारली शिक्षिका. इटारसीला मुक्काम केला आणि सकाळी भोपाळच्या दिशेची गाडी धरली. होशंगाबादला (आता त्याचं नाव नर्मदापुरम आहे) गाडी नर्मदेच्या पुलावर येते. पूल ओलांडला की बुधनी, आणि तिथून बरखेड्यापर्यंत विंध्याचा घाट. सागाचं जंगल, बोगदे, वळणं. घाट संपला की ओबेदुल्लागंज. तिथे उतरायचं, रिक्षा करून टेकडीवर जायचं, दिवसभर खडकांवरची चित्रं पाहायची आणि संध्याकाळी पुढच्या गाडीने भोपाळ गाठायचं. एका दिवसात बसणारी सहल आहे. तब्येत बरी असेल तर जरूर करा.

आता ही सहल रेल्वेनेच का करायची? कारण भीमबेटक्याची गोष्टच मुळी रेल्वेच्या डब्यात सुरू होते. विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे उज्जैनचे हरिभाऊ वाकणकर, मध्य प्रदेशातल्या मराठी घरातले. १९१९ साली नीमचला जन्म. हाडाचे चित्रकार, आणि पुढे पुरातत्त्वाच्या वेडाने झपाटलेले. १९५७ साली ते याच मार्गाने प्रवास करत होते. खिडकीतून त्यांना डोंगराच्या माथ्यावर खडकांची एक रांग दिसली. माळव्यातले चित्र असलेले शैलाश्रय, म्हणजे खडकाचे नैसर्गिक आडोसे, त्यांनी आधी पाहिलेले होते. हे खडक तसेच दिसतात, असं त्यांना वाटलं. मग ते उतरले, चालत वर गेले, आणि जे सापडलं त्याला २००३ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

एवढी गोष्ट सगळे सांगतात. तिच्यातले दोन तपशील मात्र बहुधा गळतात.

पहिला असा, की ही जागा कुणालाच ठाऊक नव्हती असं नाही. १८८८ साली किनकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भीमबेटक्याची नोंद केलेली आहे. त्याने ती बौद्ध स्थान म्हणून केली, आणि माहिती कुणाकडून मिळाली होती? तिथल्या आदिवासींकडून. म्हणजे टेकडीखाली राहणाऱ्यांना टेकडी माहीत होती. आपण ‘शोध लागला’ म्हणतो तेव्हा कुणाला लागला, हे विचारायला हवं.

दुसरा तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘तसंच दिसतं’ एवढ्यावर वाकणकर थांबले नाहीत. पुढे वर्षानुवर्षं ते तिथे जात राहिले. चित्रांच्या नकला केल्या, आडोसे मोजले, १९७०च्या दशकात उत्खनन केलं. त्याच काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांनीही तिथे खोदकाम केलं आणि थरांचा क्रम लावला. चित्रांखालच्या जमिनीत लाखाहून अधिक वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं मिळाली. खिडकीतून जे दिसलं तो प्रश्न होता. उत्तरासाठी पुढचं आयुष्य गेलं.

इथे मला माझीच लाज वाटते, ती सांगून टाकतो. मी तीसेक वर्षं बोईसरहून शटल पकडून शिकवायला जायचो. लोकल डहाणूपर्यंत आली २०१३ साली, त्याआधी आपली सगळ्यांची शटलच. पालघर स्टेशनात गाडी थांबली की पूर्वेला काळदुर्ग दिसतो, माथ्यावर चौकोनी कातळ. रोज बघायचो. रोज म्हणायचो, एकदा जाऊन यायला पाहिजे. अजून गेलेलो नाही. खिडकीतून बघणारे पुष्कळ असतात, उतरणारा एखादाच.

तर आम्ही वर पोहोचलो. सातशेच्या आसपास आडोसे आहेत, त्यातल्या चारशेहून अधिकांत चित्रं. पाहता येतात ती थोडीच, पण तेवढीही पुरतात. एका खडकावर प्राणीच प्राणी, एकावर एक काढलेले: हरणं, रानरेडे, हत्ती. खालचं चित्र पुसायचं नाही, त्याच्यावरच नवं काढायचं, अशी हजारो वर्षांची रीत. जुनी चित्रं मध्याश्मयुगातली, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची मानतात. पण तिथेच घोड्यावर बसून तलवारी घेतलेले स्वारही आहेत, आणि ते उघडच ऐतिहासिक काळातले. म्हणजे एकाच भिंतीवर आदिमानव आणि राजेरजवाड्यांचा काळ शेजारी शेजारी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचे मार्गदर्शक चांगले होते, मन लावून सांगत होते. हात धरून नाचणाऱ्या माणसांची ओळ आली तेव्हा त्यांनी विचारलं, आपण कुठले? आम्ही म्हटलं, पालघर. ते खूश झाले. म्हणाले, “मग ही तुमचीच चित्रं. वारली चित्रकला इथूनच निघाली. दहा हजार वर्षं झाली, वारली लोक अजून तसेच आहेत.”

आमच्यातले चार जण कौतुकाने मान डोलावू लागले. मीही डोलावली असेन. त्या वारली बाई मात्र काही बोलल्या नाहीत.

हेच ते वाक्य. त्याचे दोन भाग आहेत. ‘इथूनच निघाली’ हा पहिला, ‘अजून तसेच आहेत’ हा दुसरा.

पहिला भाग तर्काचा आहे. दोन गोष्टी सारख्या दिसतात, म्हणून एक दुसरीतून निघाली, असं म्हणता येतं का? वर्गात मी विचारायचो, दोन माणसांची नाकं सारखी असली म्हणजे ते भाऊ असतात का? असतीलही. पण त्यासाठी आई-बाप दाखवावे लागतात. भीमबेटक्याच्या ओळीपासून डहाणूच्या भिंतीपर्यंत शेकडो किलोमीटरचं अंतर आहे आणि हजारो वर्षांची फट आहे. मधले दुवे दाखवल्याशिवाय नातं सिद्ध होत नाही. बरं, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणसाचं धड काढणं ही तऱ्हा ताम्रपाषाण काळातल्या रंगवलेल्या मडक्यांवरही दिसते. बारीक काडीने, थोडक्या रेघांत, हलतं माणूस काढायचं म्हटलं की हात त्रिकोणाकडे जाऊ शकतो. नातं नाहीच, असं मी म्हणत नाही. आपण ते तपासलेलं नाही, एवढंच म्हणतो. वाकणकरांना खडक सारखे दिसले तेव्हा ते गाडीतून उतरले. आपल्याला चित्रं सारखी दिसली तर आपण डब्यातच बसून निकाल देतो.

आणखी एक अडचण बघा. दगडावरचं चित्र टिकतं. वारली घराची भिंत कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली, वर गेरू. त्यावर तांदळाच्या पिठाने चित्र. पाऊस येतो, भिंत पुन्हा सारवली जाते, चित्र जातं. पुढच्या लग्नाला नवं काढलं जातं. ही परंपरा भिंतीत साठत नाही, हातात साठते. म्हणून तिचं वय भिंत बघून सांगता येत नाही. दहा हजार म्हणा, पाच हजार म्हणा, आकडा ठोकून देणं सोपं आहे. पुरावा कुठाय?

आता दुसरा भाग, ‘अजून तसेच आहेत’. इथे विषय तर्काचा राहत नाही, न्यायाचा होतो.

वारली लग्नात घराच्या भिंतीवर लग्नचौक असतो. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीची चौकट. सुवासिनी तो काढतात, धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. हे आपण सगळे कौतुकाने सांगतो. पण त्याच लग्नासाठी तो वारली पैसे कुठून आणायचा? सावकाराकडून, जमीनदाराकडून. आणि ते कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, बायकोसकट त्याच्याकडे राबायचा. त्याला नाव होतं लग्नगडी. ही पद्धत कुठल्या गुहेतली नव्हे, आपल्या तलासरी-डहाणू-उंबरगावची. आपल्या आजोबांच्या काळातली.

आणि ती मोडली कशी? आपोआप नाही. १९४५च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरवलं की वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचं काम करत गावोगाव फिरत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. तरीही वेठ मोडली ती मोडलीच. गोदावरीबाईंनी हा सगळा अनुभव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता मला सांगा, ज्यांनी दोनशे मैलांच्या आत, गेल्या शतकातच हे केलं, त्यांना ‘दहा हजार वर्षं तसेच’ म्हणायचं? कौतुक म्हणून म्हटलं तरी त्याचा अर्थ काय होतो? यांना इतिहासच नाही, असा होतो. ज्याला इतिहास नाही त्याच्यावर अन्याय झाला होता हेही मग सांगावं लागत नाही. सावकार निघून जातो, जंगल कुणी तोडलं हा प्रश्न निघून जातो, आणि उरतो एक नाचणारा आदिमानव, कपबशीवर छापायला सोयीचा.

चित्रकलाही ‘तशीच’ राहिलेली नाही. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. त्यांनी वारल्यांना कागद दिला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो घेतला आणि लग्न नसतानाही, रोज, चित्र काढू लागले. चित्रं भिंतीवरून कागदावर आली, बायकांच्या हातून पुरुषांच्याही हातात आली, गावातून परदेशात गेली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. यात मिळालं तसं गेलंही. ज्या सुवासिनींनी पिढ्यान् पिढ्या चौक काढले, त्यांची नावं कुठल्याच दालनात लागली नाहीत. हा बदल आहे, आणि बदल म्हणजेच इतिहास. आजच्या वारली चित्रांत तर आगगाडीही येते, डबे, रूळ, खिडकीतली माणसं. १८६०च्या दशकात आपल्या भागातून रूळ टाकले गेले, ते आज तारप्याच्या फेऱ्याशेजारी आलेत. भीमबेटक्याच्या चित्रकारांनी तलवारवाले स्वार पाहिले आणि काढले. आपल्याकडच्यांनी गाडी पाहिली आणि काढली. दोन्हीकडचे लोक आपापल्या काळात पुरते जागे होते. साम्य शोधायचंच असेल, तर मला हे साम्य जास्त भरवशाचं वाटतं.

आता शेवटाकडे येतो. संध्याकाळी ओबेदुल्लागंजच्या फलाटावर चहा घेत होतो. मी त्या बाईंना विचारलं, सकाळी तुम्ही काही बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, “सर, प्रागैतिहासिक म्हणजे नेमकं काय?” मी मास्तरी थाटात सांगितलं, लेखन सुरू होण्याच्या आधीचा काळ. त्या हसल्या. म्हणाल्या, “आमच्याकडे चौक काढत नाहीत, सर. लिहितात. माझी आजी विचारायची, चौक लिहायला कोण येणार?”

मी गप्प बसलो. पन्नास वर्षं व्याख्या शिकवल्या, पण व्याख्येतला हा शब्द त्यांच्या घरात कसा वापरतात, हे कधी विचारलं नव्हतं. गंजाड आपल्यापासून फार लांब नाही. भीमबेटक्याला मी दोन दिवसांचा प्रवास करून गेलो.

म्हणून माझी विनंती एवढीच. भीमबेटक्याला जा. घाटात खिडकीशी बसा आणि वाकणकरांना जे दिसलं ते दिसतं का बघा. पण परत आल्यावर एक दिवस डहाणूच्या गाडीतही बसा. उतरा. एखाद्या घरी लग्न असेल आणि तुम्हाला बोलावलं, तर जा, चौक पाहा, आणि तो लिहिणारीचं नाव विचारा. ते लिहून घ्या. मी पुढच्या महिन्यात काळदुर्गावर जाणार आहे, गुडघे परवानगी देतील तेवढा. कुणाला यायचं असेल तर व्याख्यानानंतर मला भेटा.