इलॅस्टिकसर्चचे पासवर्ड: कोणाला कोणती किल्ली द्यायची?

समजा, नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या एका कापड युनिटने माल आणि बिलं शोधण्यासाठी इलॅस्टिकसर्च बसवलं. वेबसाइट, हिशेबाचं सॉफ्टवेअर, बाहेरून येणारा डेव्हलपर, सगळे एकाच 'इलॅस्टिक' युजरने आत जातात. हा युजर सुपरयुजर असतो. म्हणजे ज्याला फक्त बिल शोधायचंय, त्याच्याही हातात अख्खा डेटा पुसायची ताकद!

पूर्वी तर अनेक सर्व्हर बिनपासवर्डचेच असायचे. पासवर्डची सोय मे २०१९ मध्ये (६.८ आणि ७.१ आवृत्तीत) मोफत झाली आणि ८.० पासून, म्हणजे २०२२ पासून, ती बसवतानाच आपोआप चालू होते. मधल्या काळात, जुलै २०२० मध्ये, 'म्याऊ' हल्ला झाला. उघड्या सर्व्हरवरचा डेटा पुसला जायचा आणि मागे 'म्याऊ' एवढाच शब्द राहायचा. खंडणीसुद्धा मागितली नाही, त्यामुळे पैसे देऊन डेटा परत मिळवायचा मार्गच नव्हता.

'इलॅस्टिक'चा पासवर्ड मालक आणि सर्व्हर सांभाळणारा, एवढ्यांकडेच ठेवा. बाकीच्यांसाठी आधी रोल बनवा: कोणता इंडेक्स आणि त्यावर फक्त वाचायचं की लिहायचंही. मग त्या रोलचा युजर. सॉफ्टवेअरला मात्र एपीआय की दिलेली बरी. तिला मुदत घालता येते आणि एकीची की रद्द केली तरी दुसऱ्याचं काम अडत नाही.

पासवर्ड विसरलात? घाबरू नका. सर्व्हरच्या बिन फोल्डरमधलं 'इलॅस्टिकसर्च-रीसेट-पासवर्ड' हे टूल चालवा, ते नवा पासवर्ड तयार करून दाखवतं. आपल्या पसंतीचा हवा असेल तर इंटरॅक्टिव्ह पर्याय निवडा. किमान सहा अक्षरं लागतात. जुना पासवर्ड शोधत बसू नका, कारण सर्व्हर तो हॅश करूनच साठवतो. किबाना ज्या युजरने जोडलंय त्याचा पासवर्ड बदललात, तर किबानाच्या सेटिंगमध्येही लगेच बदला, नाहीतर ते बंद पडेल.

टीएलएस बंद ठेवू नका. साध्या एचटीटीपीवर पासवर्ड बेस६४ मध्ये जातो. ते कुलूप नाही, नुसतं वेष्टन आहे.

आणि डेव्हलपर काम सोडून गेला की त्याचा पासवर्ड बदलून भागत नाही. त्याने बनवलेल्या एपीआय की तशाच चालू राहतात, त्या वेगळ्या रद्द कराव्या लागतात.